पदवीपत्रावरची सही

मे महिन्यात वॉशिंग्टनच्या ईशान्य भागातल्या केंडल ग्रीन परिसरात पदवीदान समारंभ होतो. झगे, टोप्या, फोटोसाठी धावपळ, लांबून आलेले आईबाप, सगळं कुठल्याही कॉलेजासारखंच. फक्त टाळ्यांचा कडकडाट फारसा ऐकू येत नाही. नाव पुकारलं की शेकडो हात वर जातात आणि बोटं पसरून हलत राहतात. व्यासपीठावरची भाषणं अमेरिकन खुणांच्या भाषेत होतात, आणि दुभाषा लागतो तो ऐकू येणाऱ्या पाहुण्यांना. गॅलॉडेट हे कर्णबधिरांसाठीचं विद्यापीठ. इतक्या जणांची तुकडी बाहेर पडली, अमुक प्राध्यापक निवृत्त झाले, तमक्यांना मानद डॉक्टरेट दिली, अशा त्याच्या वर्षअखेरच्या बातम्या चार कॉलेजांच्या असतात तशाच असतात.

वेगळी आहे ती पदवीपत्रावरची सही. ती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची असते. 1869 मध्ये तिघांची पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हा युलिसिस ग्रँट यांनी सही केली, आणि तेव्हापासून ही प्रथा चालत आली आहे. बातमीत ती एका ओळीत येते, कौतुकाची गोष्ट म्हणून. पण राज्यकर्त्याच्या सहीचा मान मिळाला तरी त्या कागदावर कोणाकोणाचं नाव येऊ शकतं, संस्था कोणी चालवायची आणि त्यांच्या भाषेला भाषा म्हणायचं की नाही, हे प्रश्न पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ भिजत पडले होते.

सुरुवात झाली ती एका फसव्या दानशूरपणातून. अमॉस केंडल हे अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात पोस्टमास्तर जनरल होते आणि पुढे तारयंत्रवाल्या मोर्स यांचा धंदा सांभाळून श्रीमंत झाले. 1850 च्या दशकात एक गृहस्थ पाच कर्णबधिर मुलं घेऊन वॉशिंग्टनमध्ये उतरला. मुलं दाखवायची आणि शाळेच्या नावानं वर्गणी जमवायची, असा त्याचा उद्योग. केंडल यांनीही आधी मदतच केली. मग मुलांची आबाळ होते आहे हे लक्षात आल्यावर ते कोर्टात गेले आणि मुलांचं पालकत्व स्वतःकडे घेतलं. 1856 मध्ये आपल्या इस्टेटीतली जमीन आणि घर त्यांनी शाळेसाठी दिलं. पुढच्या वर्षी अमेरिकन काँग्रेसनं संस्थेला मान्यता दिली.

शाळा चालवायला माणूस आला तो अवघ्या वीस वर्षांचा, एडवर्ड मायनर गॅलॉडेट. सोबत त्याची आई सोफिया फाउलर आली, वसतिगृहाची व्यवस्था पाहायला. सोफिया स्वतः कर्णबधिर. त्यामुळे ऐकू येणाऱ्या या तरुणाची मातृभाषा अक्षरशः खुणांची होती. पुढे त्यानं घेतलेल्या अनेक निर्णयांचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

त्याच्या वडिलांची, थॉमस गॅलॉडेट यांची गोष्ट आणखी मागची. कनेटिकटमधल्या हार्टफर्ड गावी शेजारच्या डॉक्टरांची मुलगी ॲलिस कॉग्सवेल कर्णबधिर होती. तिच्यासारख्या मुलांना शिकवायचं कसं हे शोधायला थॉमस 1815 मध्ये समुद्र ओलांडून गेले. ब्रिटनमध्ये ब्रेडवुड घराण्याच्या शाळा होत्या, पण त्या घराण्यानं आपली पद्धत गुपित ठेवलेली. घराण्याची विद्या घरातच, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. लंडनमध्ये थॉमस यांना पॅरिसच्या शाळेचे आबे सिकार आणि त्यांचे दोन कर्णबधिर शिष्य भेटले. त्यांतल्या लॉराँ क्लेर यांना घेऊन थॉमस परत निघाले. जहाजावर क्लेर त्यांना खुणा शिकवत होते आणि ते क्लेर यांना इंग्रजी. 1817 मध्ये हार्टफर्डला शाळा उघडली. फ्रेंच खुणा आणि तिथल्या मुलांनी घरून आणलेल्या खुणा यांच्या मिसळीतून आजची अमेरिकन खुणांची भाषा घडली. सोफिया याच शाळेची विद्यार्थिनी.

तेव्हा 1864 मध्ये एडवर्ड यांनी पदव्या देण्याचा अधिकार मागितला, तो असा सगळा वारसा पाठीशी घेऊन. देशात यादवी युद्ध पेटलेलं होतं. अशा वेळी कर्णबधिरांच्या कॉलेजाचा विचार करायला कोणाला फुरसत असेल असं वाटत नाही, पण काँग्रेसनं कायदा केला आणि 8 एप्रिल 1864 ला अब्राहम लिंकन यांनी त्यावर सही केली. त्याच वर्षी कॉलेजचं उद्घाटन झालं आणि जॉन कार्लिन या कर्णबधिर चित्रकाराला मानद पदवी देण्यात आली.

कॉलेजला नाव पडलं नॅशनल डेफ-म्यूट कॉलेज, म्हणजे आपल्या भाषेत ‘राष्ट्रीय मूकबधिर महाविद्यालय’. त्यातला ‘मूक’ माजी विद्यार्थ्यांना खुपत होता. आपण मुके नाही, आपण हातांनी बोलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मागणीवरून 1894 मध्ये थॉमस यांच्या सन्मानार्थ ‘गॅलॉडेट कॉलेज’ हे नाव आलं. महाराष्ट्रात आजही कितीतरी शाळांच्या पाट्यांवर ‘मूकबधिर विद्यालय’ असं लिहिलेलं असतं. सरकारी कागद ‘कर्णबधिर’वर आले, पाट्या काही बदलल्या नाहीत. अमेरिकेत बरेच जण तर ‘बहिरा’ याच अर्थाचा शब्द मोठ्या अक्षरानं सुरू करून अभिमानानं लिहितात, एखाद्या समाजाचं नाव लिहावं तसा. देवनागरीत मोठं अक्षर नाही, त्यामुळे तो फरक आपल्याला लिहून दाखवता येत नाही.

एकोणिसाव्या शतकातलं सगळ्यात मोठं संकट युरोपातून आलं. 1880 मध्ये इटलीत मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिनं प्रचंड बहुमतानं ठरवलं की मुलांना तोंडानं बोलायलाच शिकवायचं, खुणा बंद. एडवर्ड गॅलॉडेट विरोधात उभे राहिले. परिषदेला आलेले एकमेव कर्णबधिर प्रतिनिधी जेम्स डेनिसन हे केंडल ग्रीनच्याच शाळेचे मुख्याध्यापक होते. ज्यांच्या भाषेचा निकाल लागणार होता त्यांच्यातलं एक मत, बाकी सगळे ऐकू येणारे. ठराव झाला तो झालाच. नंतरच्या काही दशकांत शाळाशाळांतून कर्णबधिर शिक्षक कमी होत गेले आणि वर्गात खुणा करणाऱ्या मुलांच्या हातांवर पट्ट्या बसू लागल्या. अमेरिकेत या बोलकेपणाच्या बाजूचं मोठं नाव होतं टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्यांची आई आणि पत्नी दोघी कर्णबधिर होत्या. गॅलॉडेट आणि बेल यांचं वैर वर्षानुवर्षं चाललं, काँग्रेसच्या समितीसमोरसुद्धा. व्हँकुव्हरला 2010 मध्ये भरलेल्या त्याच परंपरेतल्या परिषदेनं मिलानचे ठराव फेटाळले. मधे 130 वर्षं गेली.

मिलानच्या वाऱ्यात केंडल ग्रीनला खुणा टिकल्या, पण तिथेही सगळ्यांना दार उघडं नव्हतं. मुलींना नियमित प्रवेश मिळाला तो 1887 मध्ये, आणि तोही प्रयोग म्हणून. मुलांच्या वाङ्मय मंडळात मुलींना जागा नाही, म्हणून त्यांनी आपलं वेगळं मंडळ काढलं. त्यात पुढाकार अगाथा टीगेल हिचा. 1893 मध्ये ती बी.ए. झाली आणि वर्गात पहिली आली. पदवीदान समारंभात तिनं विषय निवडला, स्त्रियांची बुद्धी. समोर कोण बसलं होतं आणि तिचा प्रवेश कसा झाला होता हे माहीत असलं की त्या विषयाची धार कळते.

भाषेचा निकाल मात्र एका ऐकू येणाऱ्या माणसामुळे बदलला, हेही खरं. विल्यम स्टोकी 1955 मध्ये इंग्रजी शिकवायला गॅलॉडेटला आले. खुणा म्हणजे तुटक इंग्रजी किंवा नुसते हातवारे, असं तेव्हा सगळेच मानत, कर्णबधिरांतलेही पुष्कळ. स्टोकी पाहत राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की हाताचा आकार, त्याची जागा आणि हालचाल यांतलं काही एक बदललं तरी अर्थ बदलतो. मराठीत ‘काळ’ आणि ‘गाळ’ वेगळे होतात तसंच. 1960 मध्ये त्यांनी हे मांडलं तेव्हा सहकाऱ्यांनी चेष्टा केली. 1965 मध्ये डोरोथी कास्टरलाइन आणि कार्ल क्रोनबर्ग या दोन कर्णबधिर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी कोश काढला. कोशाचं नाव निघालं की स्टोकी यांचंच नाव घेतलं जातं, बाकीच्या दोघांचं उशिरा घेतलं जाऊ लागलं.

भाषा सिद्ध झाली, 1986 मध्ये कॉलेजचं विद्यापीठही झालं, तरी त्याचा अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडचा कुलगुरू म्हणा, एकदाही कर्णबधिर झाला नव्हता. 1988 च्या मार्चमध्ये अंतिम यादीत तिघे होते, दोन कर्णबधिर आणि एक ऐकू येणारी. 6 मार्चला विश्वस्तांनी एलिझाबेथ झिन्सर यांना निवडलं. त्या ऐकू येणाऱ्या होत्या आणि त्यांना खुणांची भाषा येत नव्हती. त्याच रात्री विद्यार्थी मोर्चानं विश्वस्त उतरले होते त्या हॉटेलवर गेले. दुसऱ्या दिवशी फाटकं बंद झाली, आणि फाटकांसमोर चाकांतली हवा काढलेल्या बस आडव्या उभ्या राहिल्या. मागण्या चार होत्या: कर्णबधिर कुलगुरू, विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष जेन स्पिलमन यांचा राजीनामा, मंडळात कर्णबधिरांचं बहुमत आणि आंदोलकांवर कारवाई नाही.

त्या दिवशीचा एक प्रसंग तिथे अजून सांगितला जातो. स्पिलमन विद्यार्थ्यांसमोर बोलायला उभ्या राहिल्या आणि कोणीतरी आगीची घंटा वाजवून दिली. एवढ्या गोंगाटात बोलता येत नाही, असं त्या म्हणाल्या. समोरून खुणांनी उत्तर आलं, कसला गोंगाट?

आठवडा पुरला. झिन्सर यांनी पद सोडलं, तरी 11 मार्चला मोर्चा कॅपिटॉलवर गेलाच, आणि 13 तारखेला आय. किंग जॉर्डन यांची निवड झाली. तरुणपणी मोटरसायकलच्या अपघातात त्यांची श्रवणशक्ती गेली होती. कर्णबधिर माणूस ऐकणं सोडून ऐकणाऱ्याइतकं सगळं करू शकतो, हे त्यांचं वाक्य जगभर छापलं गेलं. स्पिलमन यांच्या जागी फिलिप ब्रेव्हिन हे कर्णबधिर विश्वस्त आले. चारही मागण्या मान्य झाल्या. 1990 च्या अपंगांच्या हक्कांच्या अमेरिकन कायद्याची चर्चा चालू होती तेव्हा या आठवड्याचं उदाहरण पुन्हा पुन्हा दिलं गेलं. लिंकन यांच्या सहीपासून इथवर यायला 124 वर्षं लागली.

2006 मध्ये पुन्हा आंदोलन पेटलं. या वेळी निवड झालेल्या जेन फर्नांडिस स्वतः कर्णबधिर होत्या, पण निवड कशी झाली आणि त्या सगळ्यांना बरोबर घेतील का, यावरून मे महिन्यात, ऐन वर्षअखेरीला, विरोध सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये शंभराहून अधिक जणांना अटक झाली आणि शेवटी विश्वस्तांनी निवड रद्द केली. हा वाद 1988 इतका सरळ नव्हता, आणि त्यात कोण बरोबर यावर तिथले लोकही आजवर एकमतावर आलेले नाहीत. 2016 मध्ये रॉबर्टा कॉर्डानो आल्या, या पदावरच्या पहिल्या कर्णबधिर स्त्री.

केंडल ग्रीनचा आपल्याशीही एक धागा आहे. मुंबईत माझगावला 1885 मध्ये निघालेली शाळा ही भारतातल्या कर्णबधिरांच्या अगदी पहिल्या शाळांपैकी. मिलानचं वारं इथेही पोचलं आणि मुलं खुणा शिकली ती वर्गात नाही, मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात. हिमाचलच्या एका खेड्यातून आलेले मदन वसिष्ठ लहानपणी श्रवणशक्ती गेल्यानंतर पुढे गॅलॉडेटला शिकले. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी जेम्स वुडवर्ड आणि इतरांसह दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूरच्या खुणा टिपल्या. मुंबईच्या खुणांवर त्यांचं वेगळं पुस्तक निघालं. शहरागणिक शब्द थोडे बदलतात, पण व्याकरणाचा सांगाडा एकच, असं त्यातून दिसलं. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत राष्ट्रीय संस्था उभी राहिली ती 2015 मध्ये, आणि 2021 मध्ये तिच्या कोशात 10,000 शब्द होते.

आता पुन्हा पदवीपत्राकडे. केंडल ग्रीनच्या आवारातली मुलांची शाळा 1905 पासून कृष्णवर्णीय मुलांना घेत नव्हती. वॉशिंग्टनची ही मुलं दूर बाल्टिमोरजवळच्या शाळेत पाठवली जात, घरापासून, आईबापांपासून लांब. लुईस मिलर या आईनं आणि इतर पालकांनी कोर्टात दावा लावला आणि 1952 मध्ये जिंकला. मुलं आली, पण त्याच आवारात त्यांच्यासाठी वेगळी शाळा काढण्यात आली, दुसरा विभाग म्हणून. 1954 मध्ये शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरला आणि ती बंद पडली. अँड्र्यू फॉस्टर हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी गॅलॉडेटमधून त्याच साली पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे त्यानं आफ्रिकेत कर्णबधिर मुलांसाठी तीसहून अधिक शाळा काढल्या.

दुसऱ्या विभागातल्या मुलांना शाळेचं प्रमाणपत्र मात्र कोणी दिलं नाही. 22 जुलै 2023 ला, नेहमीच्या समारंभानंतर दोन महिन्यांनी, गॅलॉडेटनं त्यांच्यासाठी वेगळा पदवीदान समारंभ केला आणि त्या 24 जणांना व त्यांच्या शिक्षकांना सन्मानानं बोलावलं. हयात असलेले मोजकेच, सगळे सत्तरी-ऐंशीच्या घरातले. झगे घालून ते व्यासपीठावर आले. बाकीच्यांची नावं आली तेव्हा त्यांच्या मुलानातवंडांनी पुढे होऊन प्रमाणपत्रं घेतली, आणि समोरचे हात वर गेले.