गुप्तहेर परततो तेव्हा मराठीचे खेळ कुठे जातात?

मोठ्या बजेटच्या हिंदी हेरपटाचा पुढचा भाग येणार म्हटलं की मुंबईतले थिएटरमालक तो पाहायच्या आधीच त्याला पडदे देऊन मोकळे होतात. प्रेक्षकांचंही तेच. हीरो ओळखीचा, त्याची एंट्री कशी असणार याचा अंदाज असतो, गळ्यातला चौकड्यांचा रुमालही पाठ झालेला असतो. या खेपेला तो काय करतो एवढंच बघायचं उरतं. आणि या आगाऊ विश्वासावरच पहिल्या आठवड्याचे सगळे खेळ वाटले जातात.

हेर परत येण्याची पद्धत तशी जुनी. 'गनमास्टर जी-९' १९७९ च्या 'सुरक्षा'त आला आणि १९८१ च्या 'वारदात'मध्ये परतला. पण ते दिवस एकपडदा चित्रपटगृहांचे होते. आजची घडी बसली १५ ऑगस्ट २०१२ ला. टायगर नावाच्या हेराचा पहिला चित्रपट, 'एक था टायगर', बुधवारच्या सुट्टीला लागला आणि देशात त्याचा गल्ला दोनशे कोटींच्या घरात गेला.

पाच वर्षांनी, २२ डिसेंबर २०१७ ला, 'टायगर जिंदा है' आला. दिग्दर्शक बदलला होता, पडद्यावरची जोडी तीच होती. ऑस्ट्रियातल्या बर्फात नायक लांडग्यांच्या कळपाशी झुंजतो, पण त्यांना जिवे मारत नाही, हा प्रसंग लोकांनी डोक्यावर घेतला. कथेला आधार होता खऱ्या घटनेचा. २०१४ साली इराकमधल्या तिक्रितच्या रुग्णालयात ४६ भारतीय नर्स अडकल्या होत्या आणि जुलैत सुखरूप परतल्या. प्रत्यक्षात ती सुटका पडद्यामागच्या बोलण्यांतून झाली, सिनेमात मात्र ती मशीनगनने होते. पेपरात वाचलेली काळजी तीन तासांत एका माणसाने मिटवावी, हे समाधान मोठं असतं. त्या चित्रपटाने तीनशे कोटींचा टप्पा ओलांडला तो त्यामुळेच, असं माझं मत आहे.

त्याच शुक्रवारी 'देवा' हा मराठी चित्रपटही लागणार होता. तेव्हा काय झालं हे कळायला २०१५ मध्ये मागे जावं लागतं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणं सक्तीचं करायचं जाहीर केलं. गदारोळ उठला. इंग्रजीत लिहिणाऱ्या एका स्तंभलेखिकेने आता पॉपकॉर्नऐवजी वडापाव आणि दहीमिसळ मिळणार का, अशा अर्थाचं ट्वीट केलं, तर तिच्या घरावर वडापाव आणि मिसळ घेऊनच मोर्चा गेला. सगळी चर्चा त्या मिसळीभोवती फिरत राहिली आणि मूळ निर्णय गुपचूप सैल झाला. मल्टिप्लेक्सवाल्यांशी बोलणी झाली आणि प्राइम टाइम, म्हणजे मराठी चित्रपट दाखवायची सक्तीची वेळ, दुपारी १२ ते रात्री ९ अशी ठरली.

माझ्या मते नुकसान झालं ते इथे. कामाच्या दिवशी दुपारी सव्वाबाराचा शो कोण बघणार? चर्चगेटला कामाला जाणारा डोंबिवलीकर तर नक्कीच नाही. पण तो शो लावला की नियम पाळल्याची नोंद होते आणि संध्याकाळचे सगळे खेळ मोकळे राहतात. प्रेक्षक नसतील तर रिकाम्या खुर्च्यांना मराठी चित्रपट का दाखवायचा, हा मालकांचा सवाल चुकीचा नाही. पण प्रेक्षक येऊ शकतील अशी वेळच दिली नाही, तर ते नाहीत हे ठरवायचं कसं?

२०१७ च्या त्या डिसेंबरात हेच पुन्हा घडत होतं. 'देवा'ला पडदे मिळेनात. एका पक्षाच्या चित्रपट शाखेने थिएटरमालकांना पत्र पाठवून इशारा दिला, तेव्हा कुठे त्याला जागा झाली. दरवेळी इशारा द्यावा लागणं ही चांगली गोष्ट नव्हे. पण नियमात दात नसले की दुसरं काय होणार?

पुढे टायगरची गोष्ट इतर हेरपटांच्या गोष्टींत गुंफली गेली. २५ जानेवारी २०२३ च्या 'पठाण'मध्ये टायगर मदतीला धावून येतो, तेव्हा वांद्र्याच्या जुन्या थिएटरात शिट्ट्यांमुळे संवाद ऐकू येत नव्हते. त्याच वर्षी 'टायगर ३' आला तो रविवारी, १२ नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. मुंबईत त्या संध्याकाळी दुकानदार पूजेत आणि घरची मंडळी पणत्या लावण्यात. शिवाय भाऊबीजेला वानखेडेवर विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. 'नाळ भाग २' दोनच दिवस आधी लागला होता, त्यालाही याच आठवड्यात जागा शोधावी लागली.

१४ ऑगस्ट २०२५ ला आलेला, याच मालिकेतला 'वॉर २' स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीवर उघडला खरा, पण पहिल्या 'वॉर'इतका चालला नाही. महिन्याभराने, १२ सप्टेंबरला, कोकणातल्या म्हाताऱ्या दशावतारी कलावंताची गोष्ट सांगणारा 'दशावतार' लागला. त्याचे खेळ प्रेक्षकांच्या मागणीमुळे वाढवावे लागले.