हन्नेची प्रार्थना

हिब्रू बायबलातील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी (अध्याय १ व २) आलेली, शिलो येथील देवस्थानात एका निपुत्रिक स्त्रीने केलेली प्रार्थना आणि मुलगा झाल्यावर तिने गायिलेले स्तोत्र. ज्यू धर्मात प्रार्थना कशी करावी याचे अनेक नियम रब्बींनी (ज्यू धर्मशिक्षकांनी) याच प्रसंगावरून ठरवले. पुरोहित नसलेली, उलट तिथल्या पुरोहिताने दारुडी म्हणून हटकलेली एक बाई पुढे सर्वांच्या प्रार्थनेचा आदर्श ठरली, हे या कथेचे मोठेपण.

एफ्राईमच्या डोंगराळ मुलुखातल्या एलकानाला दोन बायका होत्या. पनिन्नेला मुलेबाळे होती, हन्नेला नव्हती. दरवर्षी सगळे कुटुंब यज्ञासाठी शिलोला जाई. यरुशलेमच्या उत्तरेस सुमारे ३० किमी.वर असलेल्या या ठिकाणी, यरुशलेमात मंदिर उभे राहण्याच्या कितीतरी आधी, करारकोश (देवाशी झालेल्या कराराच्या पाट्यांची पवित्र पेटी) ठेवलेला होता. यज्ञाच्या मांसाचे वाटे होत तेव्हा सवत हन्नेला डिवची. हन्ना रडे आणि जेवत नसे. एलकाना तिची समजूत काढतो : मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का? त्याची माया खरी आहे, पण या प्रश्नात तिच्या दुःखाला जागा नाही. हन्ना त्याला उत्तर देत नाही. ती उठते आणि आपले गाऱ्हाणे थेट देवापुढे नेते.

तिथे ती नवस बोलते : मुलगा दिलास तर तो जन्मभर तुझ्याच सेवेला देईन, त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. तिचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. दाराच्या खांबापाशी बसलेल्या एली याजकाला वाटले, ही प्यायलेली आहे. त्याने तिला दटावले. हन्ना खाली मान घालून निघून गेली नाही. मी द्राक्षारस प्यायलेला नाही, मी देवापुढे मन मोकळे करते आहे, आपल्या दासीला वाईट चालीची समजू नका, असे तिने त्याला आदराने पण स्पष्ट सांगितले. एलीने आपले बोलणे मागे घेतले आणि तिला आशीर्वाद दिला. यानंतरचे एक वाक्य वाचताना सहज निसटते : ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. मूल अजून झालेले नाही, होईल याची खूणही नाही. तिची श्रद्धा दिसते ती याच जागी, पुढे मुलगा झाला त्यात तितकी नाही.

रब्बींच्या चर्चांचा संग्रह असलेल्या तालमूदच्या ‘बराखोत’ या प्रकरणात (पाने ३१अ-३१ब) हा प्रसंग शब्दाशब्दाने उकलला आहे. ती मनात बोलत होती, म्हणून प्रार्थनेत मन एकाग्र हवे. ओठ हलत होते, म्हणून शब्द उच्चारायला हवेत. आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून मुख्य प्रार्थनेत आवाज चढवू नये. नशेत प्रार्थना करू नये. एलीच्या चुकीतूनही नियम निघाला : निरपराध माणसावर संशय घेतला तर त्याची समजूत काढावी, शिवाय त्याला आशीर्वाद द्यावा. ज्यू लोक रोज उभे राहून जी ‘अमीदा’ प्रार्थना पुटपुटत म्हणतात, तिची रीत अशी हन्नेपाशी जाऊन पोचते.

याच पानांवरची हन्ना भांडखोरही आहे. रब्बी एलाझार म्हणतात, देवाला ‘सेनाधीश’ म्हणून हाक मारणारी ती पहिली. एवढ्या सेना निर्माण केल्यास, मग मला एक मुलगा देणे तुला जड का, असे ती विचारते. स्तन दिलेस ते कशाला, असाही तिचा सवाल आहे. रब्बींना हे धाडस खुपले नाही, त्यांनी ते जपून नोंदवले. हिब्रू शास्त्रात ती एकटीही नाही. छळाला कंटाळून वाळवंटात पळून गेलेली दासी हागार देवाला स्वतः नाव देते. सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचे वतन मागतात आणि नियम त्यांच्या बाजूने बदलतो. सोसणाऱ्या बायकांचे गोडवे प्रवचनांत फार गायिले जातात. मला हन्नेचे बोलणे अधिक मोलाचे वाटते.

नवसाला एक कायदेशीर बाजू होती. गणनाच्या पुस्तकातील ३० व्या अध्यायानुसार बायकोचा नवस ऐकल्या दिवशीच रद्द करण्याचा हक्क नवऱ्याला होता. एलकानाने तो वापरला नाही. तुला बरे दिसेल ते कर, असे तो म्हणाला. हन्नेला मुलगा झाला, तोच शमुवेल. त्याचे दूध तुटल्यावर हन्नेने त्याला शिलोला एलीच्या हाती दिले आणि पुढे दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेई. तिला नंतर तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या.

तिच्या स्तोत्रात बाळाचे कौतुक जवळजवळ नाही. वीरांची धनुष्ये मोडतात, पोटभर खाणारे भाकरीसाठी राबतात, दीनाला देव धुळीतून उचलतो, असा त्याचा सूर. शेवटी राजाचा उल्लेख येतो, आणि इस्राएलात तर अजून राजा झालेलाच नव्हता. म्हणून हे गीत मूळचे स्वतंत्र असून येथे नंतर घातले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. ते येथे शोभते मात्र खास. राजांची कथा सांगणारा ग्रंथ एका बाईच्या गाण्याने सुरू होतो आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस दावीद राजाचे गीत त्याला जोड देते.

रोश हशाना या नववर्षाच्या पहिल्या दिवशी सभास्थानात ही कथा वाचतात. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातही हेच वाचन असते. लूकच्या शुभवर्तमानातील, येशूची आई मरिया हिचे गीत हन्नेच्या स्तोत्रावर बेतलेले आहे. दुसऱ्या शतकातील एका ख्रिस्ती ग्रंथाने मरियेच्या आईला हन्नेचेच नाव आणि बरीचशी कहाणी दिली : अपत्य नसल्याचे दुःख, विनवणी, बाळ देवाला वाहण्याचे वचन. हीच संत आना. गोव्यात तिसवाडीतल्या तळावली येथे तिचे सतराव्या शतकातील चर्च आहे. तेथे जुलैअखेर तवशांचे फेस्त भरते आणि मूल हवे असलेली जोडपी तिला काकडी वाहतात.