जर्नीमन (अमेरिकन फुटबॉल)

कोणत्याही एका संघात कायमचा पाय न रोवता संघामागून संघ बदलत राहिलेला, पण कामाची पक्की जाण असल्यामुळे दरवेळी कुठे ना कुठे जागा मिळवणारा व्यावसायिक खेळाडू. जर्नीमन या शब्दात प्रवास ऐकू येतो. प्रत्यक्षात त्याचे मूळ फ्रेंचमधील ‘दिवस’ या अर्थाच्या शब्दात आहे. युरोपातील जुन्या कारागिरांमध्ये उमेदवारी संपवलेला, हातात कसब आलेला, पण स्वतःचे दुकान नसलेला माणूस दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याकडे काम करी. तो जर्नीमन, म्हणजे आपल्याकडचा रोजंदारीवरचा कसबी कारागीर. खेळाच्या बातम्यांत हा शब्द ‘बेताच्या वकुबाचा’ अशा अर्थाने वापरला जातो, ते अन्यायाचे आहे. दहा-पंधरा वर्षे या खेळात टिकून राहणे बेताच्या माणसाचे काम नव्हे.

एनएफएल या अमेरिकेतील प्रमुख लीगची घडणच असे खेळाडू निर्माण करते. लीगमध्ये ३२ संघ आहेत. उन्हाळी सराव शिबिराला प्रत्येक संघ ९० पर्यंत खेळाडू बोलावतो आणि हंगामाच्या तोंडावर त्यांतले ५३ मुख्य संघात ठेवतो. करार कितीही वर्षांचा असला, तरी त्यातली बहुधा काही रक्कमच हमीची असते. संघाने नाव कमी केले की उरलेली गेली. शिवाय संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा आहे आणि किमान वेतन सेवेच्या वर्षांनुसार वाढते. त्यामुळे सारख्याच कुवतीचे दोघे समोर असले तर तरुण खेळाडू स्वस्त पडतो. क्वार्टरबॅकची, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूची गोष्ट मात्र जरा वेगळी. तो एक जखमी झाला तर सगळा हंगाम हातचा जाऊ शकतो, म्हणून पावसाळे पाहिलेला बदली क्वार्टरबॅक जवळ असावा असे प्रत्येक प्रशिक्षकाला वाटते.

या बदली माणसाचे खरे कसब भाषेत असते. प्रत्येक संघाची डावांची वही निराळी आणि तिची परिभाषाही निराळी. त्याच धावेला, त्याच पासला एका गावात एक नाव, दुसऱ्या गावात दुसरे. एक डाव संपला की पुढचा सुरू करायला साधारण ४० सेकंद मिळतात. प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर येतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो. तेवढ्यात शब्दांची लांबलचक माळ एकदा ऐकून, ती न चुकता बाकीच्या दहा जणांना सांगायची आणि समोरच्या बचावाची मांडणी पाहून गरज पडल्यास बदलायची. नवे शब्द पाठ करण्याइतकेच जुन्या संघाचे शब्द तोंडात येऊ न देणे अवघड. जॉश जॉन्सनला २००८ मध्ये टॅम्पा बे या संघाने निवडले. पुढे तो विक्रमी १४ संघांत गेला. डिसेंबर २०१८ मध्ये वॉशिंग्टनने त्याला ऐन हंगामात बोलावले, तेव्हा नव्या सहकाऱ्यांची नावे लक्षात ठेवण्यासाठी त्याने फुटबॉलच्या व्हिडिओ गेमचा आधार घेतला होता. त्याच महिन्यात जॅक्सनव्हिलविरुद्ध त्याने सुरुवातीपासून खेळून आयुष्यातला पहिला विजय मिळवला. निवड होऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती.

या प्रकारचा सर्वांत परिचित खेळाडू म्हणजे रायन फिट्झपॅट्रिक (जन्म १९८२). हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकलेल्या या क्वार्टरबॅकला सेंट लुइस रॅम्सने २००५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत २५० व्या क्रमांकावर घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वरचे खेळाडू जखमी झाले आणि ह्यूस्टनविरुद्ध हा नवखा मैदानात उतरला. मध्यंतराला संघ ३–२४ असा मागे होता. जादा वेळेत तो ३३–२७ असा जिंकला. पुढे सिनसिनाटी, बफेलो, टेनेसी, ह्यूस्टन, न्यूयॉर्क जेट्स, टॅम्पा बे, मायामी आणि वॉशिंग्टन. नऊ संघांसाठी पहिल्या डावापासून क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला तो एकमेव खेळाडू आहे.

बफेलोत तो सर्वाधिक म्हणजे चार हंगाम राहिला. २०११ मध्ये तिथे त्याने सहा वर्षांचा ५ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला. मार्च २०१३ मध्ये संघाने त्याला मोकळे केले. कराराच्या आकड्याला या व्यवसायात किती अर्थ असतो ते यावरून कळते. २०१५ मध्ये जेट्ससाठी त्याने ३१ टचडाउन पास (थेट गोलक्षेत्रापर्यंत नेऊन गुण मिळवून देणारे पास) दिले, हा त्या संघाचा विक्रम होता. शेवटचा सामना जिंकला असता तर संघ बाद फेरीत गेला असता, पण तो बफेलोतच झाला आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. २०१८ मध्ये टॅम्पा बेसाठी सलग तीन सामन्यांत ४०० हून अधिक यार्डांचे पास देणारा तो लीगच्या इतिहासातला पहिला ठरला. चौथ्या सामन्यात मध्यंतरालाच त्याला बसवले गेले.

त्याचा सर्वांत लक्षात राहणारा पास २६ डिसेंबर २०२० चा. त्याच हंगामात मायामीने त्याची जागा तरुण टुआ टागोव्हायलोआला दिली होती आणि मनाला फार लागल्याचे त्याने उघडपणे सांगितलेही होते. लास व्हेगसमध्ये महामारीमुळे प्रेक्षागार रिकामे होते. चौथ्या क्वार्टरमध्ये प्रशिक्षकांनी त्याला पुन्हा बोलावले. १९ सेकंद उरले होते आणि यजमान संघ रेडर्स २५–२३ असा पुढे होता. चेंडू हातून सुटत असतानाच एका बचावपटूने त्याच्या हेल्मेटची जाळी पकडून मान बाजूला पिळली. चेंडू कुठे चाललाय ते त्याला दिसणे शक्यच नव्हते. तो ३४ यार्ड पुढे मॅक हॉलिन्सच्या हातात पडला. जाळी ओढल्याच्या दंडाचे १५ यार्ड वेगळे. पुढे फील्ड गोल (खांबांमधून चेंडू मारून मिळणारे तीन गुण) झाला आणि मायामी २६–२५ असा जिंकला. आठवडाभरात फिट्झपॅट्रिकला कोविड झाला, तो शेवटच्या सामन्याला मुकला, संघ हरला आणि बाद फेरी हुकली.

पुढच्या हंगामात वॉशिंग्टनसाठी पहिल्याच सामन्यात त्याचे कंबरेचे हाड सांध्यात सरकले, आणि कारकीर्द तिथेच संपली. जून २०२२ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. १७ हंगाम, ३४,९९० यार्ड, २२३ टचडाउन पास, पण बाद फेरीचा एकही सामना नाही. १५ जानेवारी २०२२ रोजी बफेलोत बाद फेरीचा सामना होता. आठ-नऊ वर्षांपूर्वी ज्या संघाने त्याला मोकळे केले, त्याच संघाच्या प्रेक्षकांत हाडे गोठवणाऱ्या थंडीत फिट्झपॅट्रिक उघड्या अंगाने उभा राहून ओरडत होता. बफेलो ४७–१७ असा जिंकला.