धुणं आणि भांडी एकाच यंत्रात का नाही?

'धुणं-भांडी' हा शब्द आपण एका दमात बोलतो. कामाला येणाऱ्या मावशी बहुतेक वेळा दोन्ही कामं धरतात. चाळीतल्या खोलीत तर एकाच मोरीत आंघोळ, भांडी, कपडे असं सगळं उरकायचं. मग यंत्रं मात्र दोन कशाला? घर लहान, नळ एक, सांडपाण्याची वाटही एक. सकाळी ताटं आणि दुपारी कपडे धुणारी एकच पेटी का नसावी?

अशी पेटी खरोखर निघाली होती. शिकागोच्या हर्ले कंपनीने १९४०च्या दशकात 'थॉर ऑटोमॅजिक' नावाचं यंत्र विकायला काढलं. कपड्यांचं पिंप उचलून बाहेर काढायचं आणि त्या जागी भांड्यांचं बसवायचं. मोटर आणि सांगाडा तोच. जाहिरात जोरात झाली, पण यंत्र टिकलं नाही. ज्यात मळके मोजे फिरले, त्यात ताटं लावायला लोकांचं मन धजेना. ही किळस मला अगदी रास्त वाटते. पण पिंपं दोन द्यावी लागली, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सांगाडा एक होऊ शकला, पोट एक होऊ शकलं नाही.

याचं कारण मळ बसतो कुठे, यात आहे. ताटाला लागलेली आमटी पृष्ठभागावरच असते, स्टीलच्या आत शिरत नाही. त्यामुळे तिच्यावर गरम पाण्याचा जोरदार फवारा मारला की काम होतं. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ साली पेटंट घेतलं ते याच कल्पनेचं: बशा तारेच्या कप्प्यांत नीट उभ्या आणि घासण्याऐवजी पाण्याचा मारा. आजचं डिशवॉशरही तसंच चालतं. तळाशी साठलेलं तीन-चार लिटर पाणीच गाळून पुन्हापुन्हा वर फेकलं जातं.

कापडात मात्र मळ धाग्यांच्या मधे जाऊन बसतो. तो काढायचा तर कापड भिजायला हवं, पिळवटायला हवं, आपटायला हवं. नदीकाठी दगडावर कपडे आपटणाऱ्या बायका जे करायच्या, तेच पुढून उघडणाऱ्या मशीनचं पिंप करतं. कपडे वर नेतं आणि खाली टाकतं. शिवाय कापड पाणी पिऊन टाकतं. सुती टॉवेल स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त पाणी सहज शोषतो. डिशवॉशरमध्ये पाच किलो कपडे घातले, तर ते तीन-चार लिटर पाणी कपड्यांतच जिरेल आणि पंपाला फेकायला काही उरणार नाही. शेवटी कपडे पिळायचेही असतात. अर्धा मीटर व्यासाचं पिंप मिनिटाला १२०० फेरे घेतं, तेव्हा त्याच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४०० पट जोर लागतो. तिथे काचेच्या पेल्याचं काय होईल, ते सांगायला नको.

आता साबणाकडे येऊ, कारण इथे आपल्या आज्या-पणज्या फार पुढे होत्या. भांड्यांना राख आणि नारळाचा चोथा, रेशमी-लोकरी कपड्यांना रिठा. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. हा अल्क (म्हणजे अल्कली) तेला-तुपाशी मिळाला की थोडा साबण तिथल्या तिथे तयार होतो. डिशवॉशरच्या पावडरीतही मुख्य जोर अल्कांचाच असतो, जोडीला प्रथिनं आणि पिष्ट तोडणारी विकरं (एन्झाइम). रेशीम आणि लोकर स्वतःच प्रथिनं, म्हणून अशा पावडरीत पैठणीचा घात होईल. रिठ्यातलं सॅपोनिन सौम्य आहे, ते फेस करून मळ सोडवतं. तो फेस कपड्यांना चालतो, पण डिशवॉशरला नाही. पंपात फेस शिरला की फवाऱ्याचा जोर जातो. म्हणूनच सिंकजवळचा भांड्यांचा द्रव साबण डिशवॉशरमध्ये ओतू नये. आणि ॲल्युमिनियमचं पातेलंही त्यात ठेवू नये. अल्क त्याच्यावरचा संरक्षक थर खातो आणि पातेलं काळवंडतं.

कपडे धुणं आणि वाळवणं एका यंत्रात आलं, कारण तिथे वस्तू तीच आणि पिंपही तेच. धुण्या-भांड्यांत तसं काही नाही.

तरी जोडण्यासारखं काही उरतंच, आणि माझ्या मते इंजिनिअरांनी तिकडे लक्ष द्यावं: उष्णता. दहा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.४ युनिट वीज लागते. भांड्यांचं काम झालं की ते ऊन पाणी सरळ गटारात जातं. ते पाणी कपड्यांना लागता कामा नये, त्यात तेल आणि अल्क असतात. पण गटाराकडे जाता जाता ते शेजारच्या मशीनमध्ये येणाऱ्या गार पाण्याच्या नळीभोवतून वळवलं, तर दोन्ही पाणी न मिसळता ऊब तेवढी पलीकडे जाईल.