मोलकरीण : पुस्तकातली, पडद्यावरची आणि नागपुरातली

मराठी कथा, नाटक आणि सिनेमात घरकाम करणारी बाई पूर्वीपासून आहे. तिलाही स्वतःचे घर असते, पगार असतो, रजा लागते, हे मात्र फार उशिरा कुणाच्या ध्यानात आले. नागपुरात या विषयाची पाळेमुळे शोधताना १९८० च्या आसपास थांबावेच लागते. वाचकांच्या नजरेतली बाई आणि वस्तीतून कामाला निघालेली बाई, दोघींकडे नव्याने पाहायला सुरुवात झाली ती याच दोन-तीन वर्षांत.

त्याआधीचे थोडक्यात. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते आणि विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम बाया, विकत घेतल्या जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कादंबरीत केशवपन केलेली विधवा दिसते. तीच घरातली बिनपगारी स्वयंपाकीण. या तिघींच्या कष्टांवर मराठीत भरपूर लिहिले गेले. त्या कष्टांचे मोल किती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

नागपुरात मोलाची भाषा आधी गिरणीत आली. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या बायांना ठरलेल्या तासांचे, ठरलेल्या पगाराचे काम म्हणजे काय ते कळले. जुलै १९४२ मध्ये याच शहरात अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. हजारो बाया आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध यांच्या जोडीने गिरणीतल्या बायांना पगारी रजा आणि त्यांच्यावर देखरेखीला बाईच हवी, असेही ठराव झाले. पुढे गिरण्या आक्रसत गेल्या आणि त्याच वस्त्यांमधल्या कितीतरी लेकीसुना धुणी-भांडी, झाडू-पोछा धरून चार घरे करू लागल्या. गिरणीत मस्टर होते. धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातल्या स्वयंपाकघरात भिंतीवरचे कॅलेंडर असते. बाई आली नाही की त्या दिवसाच्या चौकोनात फुली पडते आणि महिनाअखेरीस फुल्या मोजून खाडे कापले जातात. बाईच्या कामाची लेखी नोंद जगात तेवढीच, आणि तीही मालकिणीच्या भिंतीवर, मालकिणीच्या हातची. पुढे जे जे घडले ते समजून घ्यायला हे कॅलेंडर लक्षात ठेवणे गरजेचे आहे.

आता १९६३ सालच्या ‘मोलकरीण’ या चित्रपटाकडे येऊ, कारण खरा वाद तिथे आहे. घरकाम करणाऱ्या बाईला मराठी पडद्यावर थेट शीर्षकात मान मिळाला, ही साधी गोष्ट नव्हती. पण कथेने एक निर्णय घेतला: ही मोलकरीण त्या घरच्या कर्त्या पुरुषाची जन्मदाती आई आहे. पोटच्या मुलाच्या घरी ती मोलाने राबते. भूमिकाही मराठी प्रेक्षकांच्या सर्वांत लाडक्या पडद्यावरच्या आईला, सुलोचनाबाईंना, दिली गेली.

या निर्णयाचे समर्थन करणारे सांगतात की त्या काळी प्रेक्षक दुसऱ्या कोणत्या वाटेने मोलकरणीपर्यंत पोहोचलाच नसता. आईपणाच्या आधाराने का होईना, भांडी घासणारे हात कथेच्या मध्यभागी आले आणि थिएटरात बसलेल्या मालकिणींच्या डोळ्यांना पदर लागले. यात तथ्य आहे. मला तरीही ही बाजू पटत नाही. मालकिणी रडल्या त्या आईसाठी. ती आई नसती, परगावाहून पोटासाठी आलेली कुणी परकी बाई असती, तर त्या घरात चुकीचे असे काय घडत होते? तिला मिळणारी वागणूक, तिचे दिवसभराचे राबणे, तिची झोपायची जागा यातले काहीच कुणाला खटकले नसते. आईला मोलकरणीसारखे वागवले हा अन्याय ठरला आणि मोलकरणीला मोलकरणीसारखे वागवणे आपोआप रीतसर ठरले. पुढची वीस वर्षे तरी मराठी पडद्यावरची बाई याच साच्यातून आली: निष्ठावान, घरच्यासारखी, मुलांना वाढवणारी, पगाराचा विषय निघताच संकोचणारी. जी पगाराचे बोलते ती तोंडाळ, आणि तोंडाळ बाई हसण्यापुरती. नागपुरात आजही पगारवाढ मागणाऱ्या बाईला ‘तुला आम्ही कधी परकी मानलं का गं?’ असे उत्तर मिळते. हे उत्तर त्या साच्याचेच आहे आणि त्यापुढे बाईला बोलायला जागा उरत नाही.

१९८० मध्ये नागपुरात मोलकरणींची संघटना उभी राहिली. ती उभी करण्यात पुढाकार होता विद्यापीठात संस्कृत शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचा. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, नागपूरच्याच दुसऱ्या एका संस्कृतच्या प्राध्यापिकेचे, कुमुद पावडे यांचे, ‘अंतःस्फोट’ हे आत्मकथन आले. दलित घरातल्या मुलीने संस्कृतात पदवी मिळवली, तरी दारे बंदच राहिली, आणि लग्नानंतर आडनाव बदलल्यावर नोकरी चालून आली, याचा तो हिशेब आहे. एकीने पांढरपेशा जगातून वस्तीकडे पाहिले, दुसरी वस्तीतून त्या जगात शिरली. दोघींचे काम शेजारी ठेवून वाचले तर घरकामात जात कशी मुरलेली आहे ते स्वच्छ दिसते: पोळ्या करायला कोण चालते, भांड्यांना कोण, संडास धुवायला कोण, आणि चहाचा कप कुणाचा वेगळा.

१९८१ मध्येच ‘कमला’ हे नाटक आले. दिल्लीतला एक पत्रकार लुहारडगाच्या बाजारातून अडीचशे रुपयांना एक आदिवासी बाई विकत घेऊन घरी आणतो. ती त्याच्या बायकोला विचारते, तुला कितीला घेतले? मालकीण आणि दासी एकाच तराजूत बसल्या, असा प्रसंग मराठी रंगभूमीवर याआधी इतक्या उघडपणे आला नव्हता. मात्र त्याच घरात कमलाबाई नावाची कामवालीही आहे. नाटकावर इतके लिहिले गेले, त्यात तिला फार कमी ओळी मिळाल्या. विकत आणलेल्या बाईवर पत्रकार परिषद होते, पगारावर ठेवलेली बाई आतबाहेर करत राहते. मध्यमवर्गाला गुलामी ओळखता आली. नोकरी ओळखायला अजून अवकाश होता.

नागपुरातल्या मागण्या नेमक्या नोकरीच्या होत्या: आठवड्याची सुट्टी, दिवाळीचा बोनस, आजारपणात खाडे कापू नका. हिवाळी अधिवेशनात विधानभवनावर मोर्चे निघत आणि वाटेत मॉरिस कॉलेज टी-पॉईंटला अडवले जात. अखेर २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. कामगार हा शब्द कायद्यात आला, ही मोठी जीत होती. अपघातात मदत, बाळंतपणाचे साहाय्य, मुलांच्या शिक्षणाला हातभार, अंत्यविधीचा खर्च असे बरेच त्यात आहे. पगाराचा दर नाही, सुट्टीची सक्ती नाही. शिवाय नोंदणी करायची तर जिथे काम करता त्या घरचा दाखला आणा. पांढराबोडीच्या वस्तीतून सुखवस्तू रामनगरात कामाला जाणाऱ्या बाईने ताईंपुढे कागद धरला की ताई आधी साहेबांना विचारतात आणि साहेबांना सही म्हणजे कोर्टकचेरी वाटते. खाडे लिहिणारा हात तेवढ्यासाठी मात्र चालत नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रारीची वाट दिली. तत्त्व म्हणून हे २००८ च्या कायद्यापेक्षाही पुढचे पाऊल आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली.

सिनेमा हळूहळू मागून आला. १ मे २०२४ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘नाच गं घुमा’त नोकरी करणारी मालकीण आणि तिची कामवाली या दोघी बरोबरीच्या नायिका आहेत आणि एकीची नोकरी दुसरीच्या वेळेवर येण्यावर उभी आहे, हे त्यात लपवलेले नाही. साठ वर्षांपूर्वीच्या आईपासून हा पल्ला लहान नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा करता येईल का, हे तपासायला समिती नेमण्यास केंद्र सरकारला सांगितले. असा कायदा झालाच, तर त्यात किमान वेतन आणि साप्ताहिक सुट्टी आधी हवी, आणि कामाचा पुरावा मालकिणीच्या सहीवर टांगलेला नको.