सौरघटाचं निळेपण कुठून येतं?

छतावरच्या सौर पॅनेलमधले निळे घट आपण रोज बघतो, पण सिलिकॉन मुळात निळं नाही. पॉलिश केलेली सिलिकॉनची चकती करड्या आरशासारखी असते. तिच्यात चेहरा दिसतो. सौरघटाच्या दृष्टीने हा आरसेपणाच घातक. ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या नारिंगी प्रकाशासाठी सिलिकॉनचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरल्यावर प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, साधारण ३.९४ आहे, हवेचा १. या तफावतीमुळे सुमारे ३५ टक्के प्रकाश पृष्ठभागावरूनच माघारी जातो. वीज व्हायची गोष्ट दूरच, तो आत शिरतच नाही.

म्हणून सिलिकॉनवर सिलिकॉन नायट्राइडचा थर चढवतात. जाडी जेमतेम ७५ नॅनोमीटर, अपवर्तनांक २ च्या आसपास. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून एक लाट परतते, तळावरून दुसरी. तळापर्यंत जाऊन यायला दुसरीला १५० नॅनोमीटर जास्त चालावं लागतं. थराच्या आत ६०० नॅनोमीटरची लाट आखडून ३०० ची झालेली असते, म्हणजे ती बरोबर अर्ध्या लाटेने मागे पडते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो, दोघी एकमेकींना पुसून टाकतात आणि परावर्तन जवळजवळ शून्यावर येतं. मला हे गणित आजही सुंदर वाटतं.

आता हाच थर संगणकात उभा करू. ‘पीसी-वन-डी’ हा सौरघटांच्या अभ्यासातला जुना, साधा आणि अजूनही शिकवला जाणारा प्रोग्रॅम. त्यात थराची जाडी आणि अपवर्तनांक भरले की कुठल्या तरंगलांबीला किती परावर्तन होतं, याचा आलेख लगेच समोर येतो. ६०० ला तो तळाला टेकलेला असतो आणि नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, झालं काम. पण नजर जरा डावीकडे न्यावी. ४०० नॅनोमीटरला, म्हणजे जांभळ्या प्रकाशात, याच थरावरून सुमारे ३२ टक्के प्रकाश परत फिरतो. उजवीकडे १००० ला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात, जवळपास १४ टक्के. घट निळा दिसतो तो यामुळेच: निळ्या-जांभळ्या टोकाचा जो प्रकाश आत घेता आला नाही, तोच आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो.

त्यामुळे एका तरंगलांबीला परावर्तन किती कमी झालं, हे बघून भागत नाही. सूर्यप्रकाशात कुठल्या रंगाचे किती फोटॉन (प्रकाशकण) येतात आणि त्यातल्या कितींची वीज होते, हे धरून सगळ्या वर्णपटाची बेरीज करावी लागते. जाडी ठरवायची ती त्या बेरजेवरून.

सगळ्यात जास्त फसगत होते ती काचेपाशी. प्रत्यक्षात घट हवेत उघडा नसतो. त्याच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा थर आणि काच असते, दोन्हींचा अपवर्तनांक दीडच्या आसपास. प्रोग्रॅममध्ये वर ‘हवा’ ठेवून बसवलेला थर काचेखाली नेला, की ६०० नॅनोमीटरला शून्याच्या जागी जवळपास ४ टक्के परावर्तन येतं. काचेखाली खरं तर २.४ अपवर्तनांकाचा थर हवा. मग तोच का नको? कारण अपवर्तनांक वाढवायला नायट्राइडमध्ये सिलिकॉनचं प्रमाण वाढवावं लागतं आणि असा थर निळा व अतिनील प्रकाश स्वतःच गिळू लागतो. परावर्तनाचा आलेख बघून वाटतं, प्रकाश आत गेला. गेला खरा, पण थरातच अडकला. सिलिकॉनला मिळालाच नाही. ‘पीसी-वन-डी’च्या थरात एकच ठरावीक अपवर्तनांक भरता येतो आणि शोषण धरलंच जात नाही. म्हणून प्रत्येक तरंगलांबीचे मोजलेले आकडे घेऊन परावर्तन आणि शोषण दुसरीकडे काढावं, आणि तयार फाइल प्रोग्रॅमला द्यावी. मेहनत वाढते, पण माझ्या मते त्याशिवाय आलेल्या उत्तरावर विसंबू नये.

शिवाय खऱ्या घटाचा पृष्ठभाग सपाटही नसतो. अल्कलीच्या द्रावणात चकती कोरून तिच्यावर बारीक पिरॅमिड उठवतात. एका उतारावरून उडालेला किरण शेजारच्या उतारावर आदळतो आणि त्याला आत शिरायची दुसरी संधी मिळते. हे उतार सुमारे ५४.७ अंशांचे असल्याने पृष्ठभागाचं क्षेत्रफळ १.७ पटीने वाढतं. सपाट चकतीवर जितक्या वेळात ७५ नॅनोमीटर थर बसतो, तितक्याच वेळात पिरॅमिडवर जेमतेम ४३-४४ बसतो. संगणकातली जाडी यंत्रावर उतरवताना हा हिशेब राहिला, तर घट निळा न होता तपकिरी-सोनेरी निघतो आणि चूक नुसत्या डोळ्यांना दिसते.