मिरचीला ऊन चालतं, गरम रात्र चालत नाही

एप्रिल-मे आला की बागकामाच्या ग्रुपवर एकच फोटो फिरायला लागतो, झाड हिरवंगार, पानं टवटवीत आणि कुंडीखाली पांढऱ्या फुलांचा सडा. मग सल्ले सुरू. ताक मारा, हिंगाचं पाणी घाला, कुणीतरी दृष्ट लागलीय म्हणतं (आपण मिरचीने दृष्ट काढायची आणि ती मिरचीलाच लागायची, हे भारी आहे). आणि शेवटी हमखास येणारं वाक्य, "मिरची तर उन्हाचं पीक, मग असं का?"

उन्हाचं पीक हे अर्धंच खरं आहे. दिवसा पारा ३२-३५ अंशांच्या वर आणि रात्री २४ च्या वर राहायला लागला की बहुतेक मिरच्या फळ धरत नाहीत. झाड मरत नाही, फूल येतं आणि देठापासून गळून पडतं. मग अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात एवढी मिरची कशी पिकते? तिथल्या लास क्रूसेसच्या कृषी कॉलेजात फॅबियन गार्सिया यांनी निवड करून करून १९२१ मध्ये 'न्यू मेक्सिको नंबर ९' हे वाण आणलं, आजच्या तिकडच्या लांब मिरच्यांचं ते मूळ. पण वाळवंट म्हटलं तरी पाणी रिओ ग्रांदे नदीचं, पाटाने दिलेलं, आणि गाव समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर, त्यामुळे जुलैत दुपारी ३५ असलं तरी रात्री पारा विशीपर्यंत खाली येतो. आता आपल्या नागपूरची मे महिन्यातली रात्र आठवा.

तर गोची रात्रीची आहे, आणि ती पानात नाही, परागात आहे. मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच.

कळी मोहरीच्या दाण्याएवढी असते ना, म्हणजे फूल उमलायला अजून दोनेक आठवडे असतात, तेव्हाच आत परागकोशात पेशींचं विभाजन होऊन पराग बनायला सुरुवात होते. त्यांच्याभोवती टॅपेटम नावाचा पेशींचा एक थर असतो, त्याचं काम पिल्लांना भरवायचं. उष्णतेत हा थर बिघडला की पराग उपाशी. त्यातून झाड श्वसन करतं ते रात्रीही, आणि रात्र जितकी गरम तितकं ते जोरात चालतं, म्हणजे दिवसभर पानांनी कमावलेली साखर रात्रीच खर्च. बरं, जी साखर फुलापर्यंत पोचते ती सुक्रोज, आपल्या चहातलीच, ती परागाला थेट वापरता येत नाही, आधी इन्व्हर्टेज नावाच्या एन्झाइमने तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे करावे लागतात. ढोबळी मिरचीवरच्या प्रयोगांत दिसलंय की गरमीत वाढलेल्या परागात हे एन्झाइमच मंद पडतं. म्हणजे फूल वेळेवर उमलतं, दिसायला झकास, पराग कुक्षीवर (फुलाच्या मादी भागाच्या टोकावर) पडतोही, पण त्याला नळी फुटत नाही, नळी नाही तर बीजांड फळत नाही, आणि मग झाड त्या देठात तुटण्याचा थर तयार करून फूल टाकून देतं. आज पडलेल्या फुलाचा घोटाळा दोन आठवड्यांपूर्वीचा असू शकतो, त्यामुळे आज ताक मारून काय होणार.

म्हणून उष्ण भागासाठी वाण काढणारे लोक झाड किती हिरवं आहे यावर भुलत नाहीत. गरम रात्री देऊन वाढवलेल्या झाडांचे पराग साखर आणि बोरिक ॲसिड घातलेल्या माध्यमावर टाकतात, तासा-दोन तासांनी मायक्रोस्कोपखाली बघतात, शंभरातल्या किती कणांना नळी फुटली. ज्या झाडाचे जास्त फुटले त्याचं बी पुढे. 'हीट-प्रूफ' छापलेलं बियाण्याचं पाकीट दिसलं तर दुकानदाराला विचारा, रात्रीच्या किती तापमानाला फळ धरलं? बहुतेक वेळा उत्तर येणार नाही.

कोरडेपणाचं प्रकरण मात्र वेगळं. इथे जंगली नातेवाईकांकडे आशेने बघितलं जातं. मेक्सिकोतल्या सोनोरा आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या रखरखाटात चिल्तेपीन नावाची बारकी गोल मिरची उगवते, आपल्या नेहमीच्या मिरचीचीच जात, त्यामुळे संकर सहज होतो. पण तीसुद्धा उघड्यावर नाही, झुडपांच्या सावलीत उगवते. आणि संकर केला की नको ते गुणही येतात, फळ वाटाण्याहून लहान, पिकलं की हात लावताच सुटणारं (पक्ष्यांची सोय, त्यांना तिखट लागत नाही). ते काढायला संकराला परत परत मूळ वाणाशी जुळवायचं, दर पिढीला जंगली वाटा सरासरी निम्मा होतो, अशा सहा पिढ्यांनी एक टक्क्याहूनही कमी, आणि त्यात हवा तो गुण निसटला तर पहिल्यापासून.

त्यात अजून एक मेख. बोलिव्हियातल्या जंगली मिरच्यांवर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की तिखट झाडांच्या पानांवर पर्णरंध्रं (वाफ बाहेर सोडणारी बारीक छिद्रं) बिनतिखट झाडांपेक्षा जास्त असतात, म्हणजे पाणी जास्त उडतं, आणि पाण्याचा ताण पडला की तिखट झाडाला बिया निम्म्याच येतात. ओल्या भागात बियांना बुरशी लागते आणि तिखटपणा तिला रोखतो, म्हणून तिथे जवळजवळ सगळी झाडं तिखट. कोरड्या भागात बुरशीचा त्रास कमी, तिथे बिनतिखट झाडांचंच फावतं.